द्राक्षाच्या पेटीला रिपोर्ट लागतो, रक्ताच्या बाटलीला का नको? जिल्ह्याच्या आरोग्याच्या फायली सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

जिल्ह्याच्या आरोग्याच्या फायली ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून जातात त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. दोन एकर बाग, घरात आई, बायको, दोन पोरं. मोठी पोरगी दहा वर्षांची आहे आणि तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या अंगात धड रक्तच तयार होत नाही, दर वीस दिवसांनी मिरजेच्या एका दवाखान्यात नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागतं. आमच्यासारख्या चौदा पालकांनी मिळून तुमच्याकडं अर्ज दिलेला, की आमच्या पोरांना जे रक्त देता ते नॅट टेस्ट (रक्तातला विषाणू लवकर पकडणारी तपासणी) केलेलं द्या. अर्जाला सात महिने झाले. गेल्या महिन्यात उत्तर आलं, दीड ओळीचं. "सदर चाचणी बंधनकारक नसल्याने तूर्त आवश्यकता वाटत नाही."

तूर्त म्हणजे काय हो साहेब? आमच्याकडं तूर्त म्हणजे वीस दिवस. अठराव्या दिवशी पोरगी शाळेतून येऊन दप्तर न काढताच खाटेवर आडवी होते, ओठ पांढरे पडतात, जिना चढताना मधेच बसती. विसाव्या दिवशी बाटली. हे पत्र उघड लिहितोय कारण सात महिने गप बसून बघितलं, आणि हे फक्त चौदा घरांचं नाही, उद्या कुणाची बाळंतीण, कुणाचा अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट, रक्त सगळ्यांना त्याच ब्लड बँकांतून येतं.

आता जे लोक हे वाचतायत त्यांना नॅट काय ते सांगतो, मला जसं समजलं तसं.

रक्तदान झालं की प्रत्येक बाटलीच्या पाच तपासण्या कायद्यानं कराव्याच लागतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. यातल्या पहिल्या तिन्हींसाठी बहुतेक ठिकाणी एलायझा नाहीतर रॅपिड किट वापरतात. ह्या टेस्ट बऱ्याच अंशी विषाणूनं शरीरात उमटवलेली खूण बघतात, म्हणजे अँटिबॉडी वगैरे. आता अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. एचआयव्हीला साधारण तीन आठवडे, नव्या किट थोडं आधी पकडतात, हिपॅटायटिस सी ला तर दोन महिने. त्या मधल्या काळात रक्त दिलेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, त्याला स्वतःलाही काही माहीत नसतं, आणि ते रक्त पोराला लागतं. नॅट खुणेची वाट बघत नाही, विषाणूचा जो स्वतःचा जनुकीय मजकूर असतो, आरएनए किंवा डीएनए, तोच शोधून त्याच्या कोट्यवधी कॉप्या काढून पकडतं. त्यामुळं एचआयव्ही दहा-अकरा दिवसांत आणि हिपॅटायटिस सी आठवड्या-दीड आठवड्यात सापडतो.

बागायतदाराला हे एका वाक्यात कळेल. पानावर तेलकट डाग दिसला म्हणजे दावण्या, हा बुरशीचा रोग, आज आलेला नसतो, तो आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. एलायझा डाग बघतं. नॅट डाग पडायच्या आधी बघतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर डागाची वाट बघत बसणारा एक तरी शेतकरी मला तासगावात दाखवा.

आणि आता खरं दुखणं सांगतो. माझा माल तीन वर्षं युरोपला गेलाय. त्यासाठी प्लॉट रजिस्टर करावा लागतो, ग्रेपनेटवर म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यादीत नोंद लागते, माल तोडायच्या आधी लॅबचा माणूस बागेत येऊन स्वतःच्या हातानं सॅम्पल घेतो, मला घड निवडून देऊ देत नाही, पिशवीला सील लावतो. मग रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारलेल्या औषधाचा अंश किती उरलाय त्याचा. ज्या औषधाची मर्यादा ठरवलेली नाही त्याला युरोपात किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम हाच नियम. एवढा अंश सापडला तरी माल जाग्यावर. २०१० साली लिहोसीन ह्या वेलीची वाढ रोखायच्या औषधानं काय झालं ते आपल्या भागातल्या पोराटोरांनाही पाठ आहे, कंटेनर तिकडं अडकले, इथं माणसं कर्जात बुडाली. तेव्हापासून तपासणी कडक झाली आणि आम्ही ती मान्य केली, शिव्या घालत का होईना पण केली. पेटीवरचा कोड टाकला की हॉलंडमधल्या माणसाला माझा प्लॉट कळतो.

आता माझ्या पोरीच्या बाटलीवर काय असतं? ग्रुप, तारीख, नंबर, आणि पाच टेस्टचे शिक्के. मी एकदा ब्लड बँकेच्या खिडकीवर विचारलं की ह्याची नॅट झालीय का, तर आतल्या पोरानं (पोरगा चांगला होता, त्याचा दोष नाही) सांगितलं "आपल्याकडं होत नाही काका, एलायझा होते, पाहिजे असेल तर बाहेरून आणा." बाहेरून म्हणजे कुठून, कुणाच्या पैशानं, आणि रात्री आठ वाजता हिमोग्लोबिन साडेसहावर आलेल्या पोरीला मांडीवर घेऊन? मी काही बोललो नाही, बाटली घेतली. घ्यावीच लागती.

दहा वर्षांत दोनशेच्या आसपास बाटल्या झाल्या असतील. वहीत लिहून ठेवतोय पण मधली एक वही २०१९ च्या पुरात भावाच्या सांगलीच्या घरी भिजली, तेव्हा आसपासच म्हणतो. दोनशे अनोळखी माणसांचं रक्त आहे तिच्या अंगात, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. पण तुम्ही-आम्ही आयुष्यात फार तर एक-दोनदा बाटली घेतो, आमच्या पोरांचं गणितच वेगळं आहे, धोका बाटलीमागं थोडा असला तरी तो दोनशे वेळा घ्यायचा असतो. आणि नुसती भीती घालतोय असं नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली, त्यातलं एक गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडच्या चाईबासाला पाच मुलं. आमच्याच चौदा घरांतल्या एका पोराला तीन वर्षांपूर्वी हिपॅटायटिस सी निघाला. कुठल्या बाटलीतून आला ते कुणीच सांगू शकलं नाही, आम्ही कुणावर बोट पण ठेवत नाही. औषध सरकारकडून फुकट मिळालं, बारा आठवडे गोळ्या घेतल्या, पोरगं बरं झालं. पण त्या काळात बाकीच्या तेरा घरांत रात्री झोप नव्हती आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या पोरांच्या टेस्ट करून घेतल्या, स्वतःच्या खर्चानं.

तुमची बाजू मला माहीत आहे. नॅट महाग आहे, मशीन महाग, किट महाग, शिकलेली माणसं लागतात. बरोबर. नॅट केल्यानं धोका शून्य होतो असंही नाही, अगदी पहिल्या काही दिवसांतलं त्यालाही सापडत नाही. हेही मान्य. पण प्रत्येक ब्लड बँकेत मशीन पाहिजे असं कोण म्हणतंय? एका ठिकाणी मशीन, बाकीच्या ब्लड बँकांनी सॅम्पलच्या नळ्या तिथं पाठवायच्या, सहा-सहा नळ्या एकत्र करून टेस्ट लावायची, एकत्रात काही सापडलं तरच सुटं तपासायचं, अशी पद्धत देशात चालू आहे. लाल पेशींची बाटली ३५ ते ४२ दिवस टिकती. नळीला एका रात्रीचा प्रवास. जत-आटपाडीची नळी मिरजेला यायला कितीसा वेळ लागतो, आमची द्राक्षं चोवीस तासांत मुंबईच्या बंदरावर उभी असतात.

माणसांचं म्हणाल तर माणसं तयार आहेत, तुम्हीच तयार केलेली. आठवा की मार्च २०२०. इस्लामपूरचं नाव सगळ्या टीव्हीवर, सुरुवातीला सॅम्पल पुण्याला जायची, रिपोर्ट येईपर्यंत वाळवा तालुका जीव मुठीत धरून. मग मिरजेत पीसीआर लॅब (नॅटसारखंच, कॉप्या काढून विषाणू पकडायचं तंत्र) उभी राहिली आणि ती किती झटक्यात उभी राहिली ते आम्ही बघितलंय, तेव्हा "बंधनकारक नाही" असं कुणी म्हणलं नाही. पारावर बसलेली म्हातारी माणसं सीटी व्हॅल्यूवर वाद घालायची! माझ्या चुलतभावाची पोरगी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, त्या काळात एका लॅबला कंत्राटी होती, पीपीई घालून रात्रपाळ्या केल्या तिनं. कंत्राट संपलं. आज ती कोल्ड स्टोरेजला बेदाण्याच्या बॉक्सचा हिशेब ठेवती. कोविडचं मशीन जसंच्या तसं ब्लड बँकेला चालत नाही, त्याला वेगळी मान्यता असलेली किट लागते, हे तिनंच मला समजावलं. पण हात तोच लागतो म्हणाली, पिपेट धरणारा.

ह्या पीसीआरची एक गोष्ट तिनं सांगितली ती मला तेव्हापासून सोडत नाही. १९८३ साली कॅरी मुलिस नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यात ही कल्पना आली, पुढं १९९३ ला नोबेल मिळालं. पण १९८५ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा छापून आली ती कशावर? हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जीनवर, सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी. बीटा ग्लोबिन म्हणजे माझ्या पोरीचा जो जीन बिघडलाय तोच. म्हणजे ज्या तंत्रावर अख्ख्या जगानं कोविड मोजला, खुनाचे तपास लावले, त्याची पहिली कामगिरी आमच्या पोरांच्या आजाराच्या घरातली आहे. आणि चाळीस वर्षांनी तेच तंत्र त्यांच्या बाटलीपर्यंत पोचायला "तूर्त आवश्यकता वाटत नाही".

दुसरी तक्रार रक्ताच्याही आधीची आहे. पोरगी सात महिन्यांची असताना पांढरी पडायला लागली. एका डॉक्टरनं ॲनिमिया म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. तीन महिने आम्ही न चुकता पाजलं, ड्रॉपरनं, मोजून. थॅलेसेमियाच्या पोराला पुढं रक्त चढवून चढवून लोह जास्त होतं आणि तेच काळजात, लिव्हरमध्ये साठतं, आज आम्ही रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून जी गोळी देतो ती लोह बाहेर काढायची गोळी आहे. बायको अजून ते टॉनिक आठवून रडती. डॉक्टरला मी दोष देत नाही, गरोदरपणातच बायकोची आणि माझी एचबीए-टू टेस्ट, म्हणजे थॅलेसेमियाचा बिघाड अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, झाली असती तर ही वेळच आली नसती. दोघंही मायनर आहोत आम्ही, म्हणजे जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली. मायनर माणसाला काही होत नाही, पण दोघं मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता मेजरची. बायको माझ्या मामाची पोरगी. आमच्याकडं रीतच आहे तशी, मामाची पोरगी हक्काची, त्यामुळं एकाच घरातला बिघाड दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. लग्नाला पत्रिका बघितल्या, एकनाडी येते का ते बघितलं, आणि मामा म्हणला घरातलीच आहे, बघायचं काय.

देशात शंभरात तीन-चार माणसं मायनर आहेत असं केंद्र सरकारच्याच २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्षाला दहा-बारा हजार पोरं मेजर जन्मतात. सायप्रस नावाच्या छोट्या देशात सातात एक माणूस मायनर, तरी त्यांनी सत्तरच्या दशकापासून तपासणी लावून धरली आणि नवीन मेजर पोरं जन्माला येणं जवळपास थांबवलं. आणि पहिली चाळणी म्हणून जी टेस्ट आहे, नेस्ट्रॉफ्ट, तिला मशीनही लागत नाही! मिठाच्या पाण्याच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागं काळी रेघ ओढलेला कागद धरायचा, रेघ स्पष्ट दिसली तर बहुधा ठीक, गढूळ दिसली तर पुढची टेस्ट. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर करू शकेल. आमच्या केंद्रात विचारलं तर नाव पण कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिसरं, डीएनए टेस्ट. दुसऱ्या वेळी बायको गरोदर राहिली तेव्हा आम्ही शहाणे झालेलो. अकराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासतात, त्यासाठी मुंबईला गेलो, रात्रीची ट्रॅव्हल्स, दादरला पहाटे पाचला उतरलो, तिला उलट्या होत होत्या. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, अशा पोरांवर तिथं वर्षानुवर्षं काम चाललंय हे तिथं गेल्यावर कळलं. आमच्या टेस्टमध्ये आमचा नेमका बिघाड कळला, आयव्हीएस वन-फाइव्ह, आपल्या देशात सगळ्यात जास्त सापडणारा. तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो माणसाचा, त्यात अकराव्या गुणसूत्रावर एका जागी जी च्या ऐवजी सी. एक अक्षर. टेस्टवाल्या मॅडमनी समजावलं की जीनचा मजकूर वापरायच्या आधी त्याची काटछाट होते, नको तो भाग कापून उरलेला जोडतात, आणि ह्या एका अक्षरामुळं कात्री चुकीच्या जागी बसते. मी म्हणलं मॅडम समजलं, छाटणी चुकीच्या डोळ्यावर झाली. त्या हसल्या. पोरगा मायनर निघाला, आता सहा वर्षांचा आहे, ट्रॅक्टरवरून उतरत नाही. त्याचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, बहिणीला बसवायला जुळतो का तेही बघितलं, नाही जुळला. पण प्रत्येक जोडप्याला मुंबई जमत नाही साहेब, आमच्या ओळखीत एका घरात "जाणं होईना" म्हणून टेस्ट राहिली आणि आता त्या घरात दोन मेजर पोरं आहेत.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. लोह काढायच्या गोळ्या सरकारी कोट्यातून कधी मिळतात कधी संपलेल्या असतात. संपल्या की बाहेरून घ्या. कधी येणार विचारलं की "इंडेंट पाठवलंय".

आणि शिबिरं. रक्तदान शिबिरं जयंतीला, वाढदिवसाला ढिगानं होतात, मग एप्रिल-मे मध्ये बाटलीला बाटली मिळत नाही. त्यात कुठं टिफिन वाटतात, कुठं हेल्मेट, एका ठिकाणी तर मिक्सरचा ड्रॉ होता. वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवर कावीळ झालेली लपवतो, हे सांगायला मॉलिक्युलर बायोलॉजी लागत नाही.

संशोधन कुठवर गेलंय ते मी वाचत असतो, रात्री मोटर चालू असती तेव्हा मोबाईलवर. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडनं कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली, पेशंटच्याच मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्परनं, म्हणजे जीन कापायच्या कात्रीनं, त्यातलं एक बटण बंद करतात, बीसीएल-इलेव्हन-ए. आईच्या पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन चालू असतं ते जन्मानंतर हे बटण बंद पाडतं. बटणच बंद केलं की जुनं हिमोग्लोबिन परत सुरू, बाटलीची गरजच नाही. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. माझी दोन एकर, विहीर, ट्रॅक्टर आणि मला विकलं तरी जीएसटीपण निघणार नाही. तरी आशा सुटत नाही, कारण आयआयटी मुंबई आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलनं मिळून कॅन्सरचा कार-टी उपचार (पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात तो) परदेशाच्या साधारण दहाव्या भागात करून दाखवला, २०२३ ला मान्यता मिळाली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर थेरपी जाहीर झाली, बिरसा १०१ नावानं. दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत. मला ह्या सगळ्याचा अभिमान आहे, खरंच आहे. पण उद्या आमच्या पोरांसाठी असा उपचार आवाक्यात आला तर तो झेपेल असं पोरगं तोवर पाहिजे, लिव्हर चांगलं, काळीज चांगलं, कुठला संसर्ग नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे.

जिल्ह्यात एका ठिकाणी नॅट सुरू करा आणि सरकारी असो की ट्रस्टची, सगळ्या ब्लड बँकांच्या नळ्या तिथं न्या. सगळ्या बाटल्यांना लगेच जमत नसेल तर पहिल्या टप्प्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या पेशंटला फक्त नॅट केलेलीच बाटली द्या, तिच्यावर तसं स्टिकर लावा, आणि त्याचा पैसा पेशंटकडून घेऊ नका. सातारा जिल्ह्याला बरोबर घेतलं तर खर्च अजून वाटला जाईल, कराडची नळी मिरजेला यायला काही अवघड नाही.

प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत नेस्ट्रॉफ्ट आणि सीबीसी, शंका आली तर एचबीए-टू, आणि ती मायनर निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. नवऱ्याची, हे मुद्दाम लिहितोय, कारण नवरे येत नाहीत.

वारेचं सॅम्पल जिल्ह्यातच घेऊन मुंबईला पाठवायची सोय करा, बाईला पाठवू नका. गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा ठेवा. शिबिरात वस्तू वाटणाऱ्यांची परवानगी थांबवा, कुणाचाही वाढदिवस असू दे. आणि कोविडात शिकलेल्या त्या पोरा-पोरींची यादी तुमच्याच दप्तरात आहे, ती काढा.

हे जमणार नसेल तर तसं लिहून द्या, कारणासहित, कुणाच्या सहीनं नाही म्हणलं ते कळेल असं. "तूर्त" शब्द न वापरता.

पोरीची पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी मी मिरजेतच असतो, सकाळी दहा ते साधारण चार, बाटली संपेपर्यंत. तुमच्यापैकी कुणी आलं तर चहा माझ्याकडं.

आपला,
चौदातला एक बाप
तासगाव तालुका, जि. सांगली

ता.क. मूळ अर्जाची पोच माझ्याकडं आहे, आवक नंबर, शिक्का, तारीख सगळं. फाईल सापडत नाही असं झालं तर झेरॉक्स आणून देतो.